डॉल्फिनची झोप आणि पर्यटकांची सकाळ

मॉरिशस बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर दिवसाचा पहिला व्यवहार सूर्य डोंगरामागून वर येण्याच्या सुमारास सुरू होतो. तामारिन, ब्लॅक रिव्हर, फ्लिक-आँ-फ्लाक येथील किनाऱ्यांवरून वेगवान मोटारबोटी निघतात. त्यांत हॉटेलांतून भल्या पहाटे उठवून आणलेले पर्यटक बसलेले असतात. काही मिनिटांतच या बोटी एका ठिकाणी गोळा होतात, कारण तेथे पाण्यातून करड्या पाठी वर येताना दिसलेल्या असतात. मग बोट कळपाला वळसा घालून त्याच्या पुढे जाते, पोहणाऱ्यांना त्याच्या वाटेवर पाण्यात उतरविते आणि कळप त्यांच्या खालून निघून गेला की त्यांना घाईघाईने वर घेऊन पुन्हा पुढे धावते. असे चार-सहा वेळा झाले की बोटी बेनितिए बेटाकडे जेवणासाठी वळतात. पर्यटक प्रसन्न असतो, बोटवाल्याचा दिवस सुटलेला असतो आणि देशाच्या गंगाजळीत परकीय चलनाची भर पडलेली असते. यात कोणाचे काही बिघडले असे वरकरणी दिसत नाही. परंतु पर्यटनाच्या ज्या प्रकारात नुकसान वरकरणी दिसत नाही, तोच प्रकार आवरणे सर्वांत अवघड असते आणि म्हणूनच या निरुपद्रवी भासणाऱ्या करमणुकीचा गांभीर्याने विचार करणे अगत्याचे आहे.

हा विषय कुठल्या दूरच्या बेटाचा म्हणून बाजूस सारण्याचे आपल्याला कारण नाही. १८३४ पासून गिरमिटाच्या कराराने जे हिंदी मजूर मॉरिशसला गेले त्यांत कोकणपट्टीतील मराठी माणसेही होती. त्यांच्या वंशजांनी आपले सण जपले आणि गणेशचतुर्थी ही त्या देशातील सार्वजनिक सुट्टी आहे. आज मुंबईहून सहा-सात तासांच्या विमानप्रवासाने तेथे पोचता येते, भारतीय पर्यटकांना आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही आणि त्यामुळे मधुचंद्रापासून निवृत्तीनंतरच्या सहलीपर्यंत मराठी मध्यमवर्गाच्या यादीत हे बेट स्थिरावले आहे. त्या सहलीच्या कार्यक्रमात ‘डॉल्फिन दर्शन’ ही बाब बहुधा असतेच. शिवाय हाच व्यवसाय लहान प्रमाणावर गोव्यात, मालवण-तारकर्लीला आणि दापोलीजवळच्या मुरूड-हर्णैच्या किनाऱ्यावर चालू आहे. मॉरिशसच्या पाण्यात जो प्रश्न उभा आहे तो आपल्याही पाण्यात उभा राहू लागला आहे.

दिवसा झोपणारा प्राणी

मॉरिशसच्या या किनाऱ्यावर प्रामुख्याने दोन जातींचे डॉल्फिन दिसतात. एक बॉटलनोज आणि दुसरा, हवेत उसळून स्वतःभोवती गिरक्या घेणारा म्हणून ज्याला ‘स्पिनर’ हे नाव पडले तो. पर्यटनाचा मुख्य आधार हा स्पिनरच होय, कारण तो मोठ्या कळपाने राहतो आणि जवळजवळ रोज सकाळी किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात येतो. तो तेथे का येतो, हा प्रश्न बोटीत बसलेल्यांपैकी फारच थोड्यांना पडत असेल. ज्यांना पडतो त्यांना बहुधा असे उत्तर मिळते की, डॉल्फिन हा खेळकर प्राणी आहे आणि माणसाच्या सहवासाची त्याला आवड आहे.

वस्तुस्थिती वेगळी आहे. स्पिनर डॉल्फिन रात्रीचा शिकारी आहे. दिवसा खोल समुद्राच्या अंधारात राहणारे लहान मासे, म्हाकूळ आणि कोळंबीसारखे जीव रात्री पृष्ठभागाच्या दिशेने वर येतात. स्पिनरांचे कळप तेव्हा किनाऱ्यापासून दूर जाऊन एकजुटीने त्यांची शिकार करतात. उजाडले की भक्ष्य पुन्हा खोल जाते आणि डॉल्फिन किनाऱ्याकडे परततात ते विश्रांतीसाठी. आपण ज्या वेळी न्याहारी करून बोटीत बसतो, ती वेळ डॉल्फिनच्या दृष्टीने रात्रपाळी करून घरी परतलेल्या कामगाराची अंथरुणावर पडण्याची वेळ असते.

त्याची झोप मात्र माणसासारखी नाही. श्वास घेण्यासाठी त्याला दर थोड्या वेळाने जाणीवपूर्वक पृष्ठभागावर यावे लागते. साऱ्या मेंदूला एकदम विसावा दिला तर तो बुडून मरेल, म्हणून त्याच्या मेंदूचा एक भाग विश्रांती घेत असताना दुसरा जागा राहतो. या अवस्थेत कळपातील प्राणी एकमेकांच्या अगदी निकट येतात, संथ गतीने एकत्र वर येतात, एकत्र खाली जातात आणि बहुतांशी मूक असतात. अंधारात भक्ष्य हेरण्यासाठी जो ध्वनी ते सतत सोडतात, तो या काळात पुष्कळ कमी होतो आणि संरक्षणाची भिस्त डोळ्यांवर येते. पांढऱ्या वाळूचा, उथळ तळाचा समुद्र त्यांना मानवतो तो एवढ्याचसाठी. शार्क जवळ आला तर त्याची सावली त्या पांढऱ्या तळावर लगेच उठून दिसते. हवाई बेटांच्या किनाऱ्यावर केनेथ नॉरिस या अमेरिकी शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे केलेल्या निरीक्षणांतून ही दिनचर्या प्रथम तपशिलाने उलगडली.

ही माहिती ध्यानात घेतली की बोटीतून दिसणाऱ्या दृश्याचा अर्थच पालटतो. संथपणे पोहत जाणारा कळप माणसाळलेला असतो असे नाही, तो पेंगुळलेला असतो. त्याने दिशा बदलली, तो फुटून दोन ठिकाणी झाला, अधिक वेळ पाण्याखाली राहिला किंवा एकाएकी उसळ्या मारू लागला, तर त्यातून आनंदच व्यक्त होतो असे समजणे धाडसाचे ठरेल. या प्राण्याच्या चेहऱ्याची ठेवणच अशी आहे की तो सदैव हसतमुख भासतो. दुखापतीत आणि मरणातही त्याचे ते ‘हास्य’ तसेच राहते. माणसाने त्या हास्यावर विश्वास ठेवला आणि त्याच्या आधारे एक उद्योग उभा केला.

एका दिवसात न दिसणारे नुकसान

एखाद्या सकाळी वीस बोटी आल्याने कोणताही डॉल्फिन मरत नाही. बोटवाले, हॉटेलवाले आणि पर्यटन खात्याचे अधिकारी हे वारंवार सांगतात आणि ते खरेही आहे. परंतु प्रश्न एका सकाळचा नाही. हवाईच्या कोना किनाऱ्यावरील स्पिनर डॉल्फिनांविषयी २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळून आले की, दिवसाच्या वेळेपैकी ८२ टक्क्यांहून अधिक काळ या प्राण्यांच्या शंभर मीटरांच्या आत माणसाची काही ना काही हालचाल चालू असते आणि एका व्यत्ययानंतर दुसरा व्यत्यय येईपर्यंत त्यांना साधारणपणे दहा मिनिटांची उसंत मिळते. दर दहा मिनिटांनी दार वाजत असलेल्या घरात कोणाला झोप लागेल? त्याच संशोधकांच्या पाहणीतून आणखी एक गोष्ट पुढे आली. किनाऱ्यालगतच्या या ठरावीक जागा सोडून इतरत्र स्पिनर क्वचितच विश्रांती घेतो. म्हणजे येथे झोप मोडली तर ती अन्यत्र भरून काढण्याची सोय त्याच्यापाशी नाही.

अपुऱ्या झोपेचे परिणाम हळूहळू उमटतात. रात्रीच्या शिकारीत एकाग्रता कमी पडते, शार्कपासून सावध राहण्याची शक्ती मंदावते, पिलांना पाजण्यास निवांतपणा मिळत नाही आणि बोटी टाळण्यात खर्च झालेली ऊर्जा अधिक भक्ष्य मिळवून भरून काढावी लागते. स्पिनरच्या मादीला एका वेळी एकच पिलू होते आणि दोन पिलांत साधारणतः तीन वर्षांचे अंतर असते. अशा मंदगतीने वाढणाऱ्या प्राण्याच्या संख्येत झालेली थोडीशी घटही लवकर भरून येत नाही. तथापि ही घट किनाऱ्यावर उभे राहून मोजता येत नाही आणि ती निश्चितपणे सिद्ध होईपर्यंत उपाय करण्याची वेळ बहुधा टळून गेलेली असते.

या संदर्भात पश्चिम ऑस्ट्रेलियातील शार्क बे येथील अनुभव बोलका आहे. तेथे बॉटलनोज डॉल्फिनांचा अभ्यास अनेक वर्षे अखंड चालू होता, त्यामुळे पर्यटनापूर्वीची आणि नंतरची स्थिती ताडून पाहणे शक्य झाले. पर्यटकांना नेणाऱ्या परवानाधारकांची संख्या एकावरून दोन झाल्यानंतर त्या भागातील डॉल्फिनांची संख्या सरासरीने सुमारे १५ टक्क्यांनी, म्हणजे दर सातांमागे एक याप्रमाणे, घटल्याचे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आले. जवळच्याच, पर्यटक न जाणाऱ्या भागात अशी लक्षणीय घट झाली नाही. ज्यांना बोटींचा अधिक त्रास होत होता ते डॉल्फिन तेथून निघून गेले आणि ज्यांना तो सोसवत होता ते राहिले, असा अर्थ संशोधकांनी लावला. तेथील सरकारने हा निष्कर्ष मानला आणि दोनपैकी एक परवाना बंद केला.

‘डॉल्फिनांना आता बोटींची सवय झाली आहे’ या जगभर ऐकू येणाऱ्या वाक्याचा फोलपणा या उदाहरणाने उघड होतो. राहिलेल्यांकडे पाहून सवय झाली असे म्हणणे हे, कारखान्यातील धुराने आजारी पडलेले कामगार नोकरी सोडून गेल्यावर उरलेल्यांची प्रकृती तपासून धूर निरुपद्रवी ठरविण्यासारखे आहे.

बोटवाल्याची बाजू

एवढ्यावरून बोटवाल्यांना दोषी ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. मॉरिशसचे अर्थकारण दीर्घकाळ उसावर उभे होते. १९७५ च्या लोमे कराराबरोबर झालेल्या साखरविषयक व्यवस्थेमुळे या देशाच्या साखरेला युरोपात हमीचा भाव मिळे. ती व्यवस्था २००९ मध्ये संपली आणि पर्यटनावरची भिस्त साहजिकच वाढली. २०१९ साली सुमारे १३ लाख ८० हजार परदेशी पर्यटक तेथे आले. देशाची लोकसंख्या याहून कमी आहे. प्रवाळभित्तीच्या आतील शांत पाण्यातली मासळी ओसरत गेलेली असताना किनाऱ्यावरच्या माणसाने जाळे ठेवून पर्यटकांची बोट चालवायला घेतली, तर त्यात त्याचे काय चुकले? आणि परकीय मालकीच्या मोठ्या हॉटेलांच्या अर्थव्यवस्थेत स्थानिक माणसाच्या हाती थेट पैसा पडण्याचे मार्ग जे थोडे आहेत, त्यांपैकी हा एक आहे.

डॉल्फिन पर्यटनाच्या बाजूने दुसराही एक मुद्दा आहे आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. झांझिबारच्या दक्षिण टोकावरील किझिमकाझी गावाचे कोळी पूर्वी शार्क पकडण्यासाठी आमिष म्हणून डॉल्फिन मारीत. १९९० नंतरच्या दशकात पर्यटक येऊ लागले, जिवंत डॉल्फिन मेलेल्याहून अधिक मोलाचा ठरला आणि ती शिकार थांबली. जगात अनेक ठिकाणी भाल्याच्या जागी कॅमेरा आला तो अशाच हिशेबाने. ही प्रगतीच होय. परंतु किझिमकाझीलाच पुढे झालेल्या अभ्यासात, पर्यटकांच्या बोटी आल्या की तेथील डॉल्फिनांचा विश्रांतीचा वेळ घटतो, असे आढळले. शिकारीपासून वाचविणारा व्यवसाय दमवून टाकणारा व्यवसाय होऊ शकतो आणि पहिल्या उपकाराच्या आधारे दुसऱ्या अपकाराचे समर्थन करता येणार नाही.

मूळ दोष बोटवाल्याच्या स्वभावात नसून या व्यवहाराच्या रचनेत आहे. पर्यटकाने पैसे मोजलेले असतात ते समुद्रावर जाण्यासाठी नव्हे, डॉल्फिन पाहण्यासाठी, आणि शक्य तर त्याच्यासोबत पोहण्यासाठी. गोव्याच्या किनाऱ्यावर तर ‘डॉल्फिन दिसला नाही तर पैसे नाहीत’ ही जाहिरात सर्वांच्या परिचयाची आहे. ग्राहकाला हे आश्वासन अत्यंत प्रामाणिक वाटते. परंतु रानटी प्राण्याच्या दर्शनाची हमी देणे याचा व्यवहारातला अर्थ, तो दिसेपर्यंत त्याचा शोध घेणे आणि ग्राहकाचे समाधान होईपर्यंत त्याचा पिच्छा न सोडणे, एवढाच होतो. जो बोटवाला अंतर राखून थांबतो, त्याचे पर्यटक शेजारच्या बोटीकडे बोट दाखवून कुरकुरतात आणि दुसऱ्या दिवशीचे गिऱ्हाईक त्या शेजाऱ्याकडे जाते. संयम पाळणाऱ्याला दंड आणि नियम मोडणाऱ्याला बक्षीस, अशी ही बाजारपेठ आहे. तीत एकट्या चांगल्या माणसाचा निभाव लागणे कठीण.

अंतराचा नियम आणि वेळेचा नियम

मॉरिशसमध्ये नियम नाहीत असे नाही. डॉल्फिन व देवमासे पाहण्यासंबंधीचे नियम तेथे २०१२ साली करण्यात आले आणि बोटींनी अंतर राखावे, प्राण्यांचा पाठलाग करू नये, हा त्यांचा आशय आहे. असे नियम जगात अनेक ठिकाणी आहेत आणि अनेक ठिकाणी त्यांची अवस्था सारखीच आहे. त्याचे कारण केवळ भ्रष्टाचार वा ढिलाई हे नसून नियमाच्या स्वरूपातच आहे. हलत्या बोटीचे हलत्या प्राण्यापासूनचे अंतर मोजणार कोण? समुद्रावर त्याचा निर्णय करणारा एकच माणूस असतो, तो म्हणजे स्वतः बोट चालविणारा. शिवाय वीस बोटींनी प्रत्येकी नेमून दिलेले अंतर काटेकोर पाळले तरी मधला कळप घेरलेलाच राहतो. नियम कोणीच मोडलेला नसतो आणि कळपाची झोप मात्र मोडलेली असते.

याउलट, एखादी जागा विशिष्ट वेळी रिकामी राहिली पाहिजे, हा नियम पाळला जातो की नाही हे किनाऱ्यावर उभे राहून शाळकरी मुलालाही सांगता येईल. पाण्यात बोट आहे किंवा नाही, एवढेच पाहायचे असते. अमेरिकी सरकारने २०२१ साली हवाईच्या मुख्य बेटांच्या किनाऱ्यापासून दोन सागरी मैलांच्या आत स्पिनर डॉल्फिनच्या ५० यार्डांपेक्षा, म्हणजे सुमारे ४५ मीटरांपेक्षा, जवळ जाण्यास आणि त्याच्यासोबत पोहण्यास बंदी केली. कळपाला वळसा घालून त्याच्या वाटेत जाऊन थांबण्याचा प्रकारही त्या बंदीत आला. परंतु केवळ अंतराने भागणार नाही हे ओळखून त्याच वर्षी, विश्रांतीची ठिकाणे असलेले पाच छोटे उपसागर सकाळी सहापासून दुपारी तीनपर्यंत बंद ठेवण्याचा प्रस्तावही मांडण्यात आला. तो अधिक महत्त्वाचा होता, कारण प्राण्याला खरी गरज आहे ती काही तासांच्या निर्वेध शांततेची.

असा उपाय व्यवसायाला मारक ठरेल, ही भीती खरी मानण्याचे कारण नाही. इजिप्तच्या तांबड्या समुद्रात मर्सा आलमजवळ समदाई नावाची नालाच्या आकाराची प्रवाळभित्ती आहे आणि तिच्या आत स्पिनर डॉल्फिन दिवसा विसावतात. पर्यटकांची झुंबड अनावर झाल्यावर २००३ च्या अखेरीस ती जागा बंद करण्यात आली. पुढील वर्षी ती उघडली ती वेगळ्या पद्धतीने. आतला भाग केवळ डॉल्फिनांसाठी राखला, मधल्या भागात पोहणाऱ्यांना मुभा दिली पण बोटींना मज्जाव केला आणि बोटी नांगरण्याची जागा बाहेर ठरवून दिली. दिवसाला येणाऱ्या माणसांच्या संख्येवर दोनशेच्या आसपास मर्यादा घातली, वेळ ठरविली आणि प्रवेशमूल्य लावले. डॉल्फिन तेथे येत राहिले, पर्यटकही येत राहिले. माणसाने मर्यादा मान्य केली की समुद्र ओस पडतो, असा अनुभव निदान येथे तरी आला नाही.

मॉरिशसला तर निसर्गानेच एक तोड सुचविलेली आहे. दुपार कलू लागली की स्पिनरांचा कळप जागा होतो, त्याची गती वाढते आणि खोल समुद्राकडे निघण्यापूर्वी तो उसळ्या व गिरक्या घेऊ लागतो. ज्या दृश्यासाठी पर्यटक इतक्या दूर येतो, ते खरे तर त्या वेळी अधिक दिसण्याचा संभव. दुपारी समुद्र सकाळइतका शांत नसतो आणि बेनितिएच्या जेवणाच्या वेळापत्रकात ते बसत नाही, असे बोटवाले म्हणतील. पण वेळापत्रक माणसाने केलेले आहे, ते बदलता येते. डॉल्फिनची दिनचर्या माणसाच्या सोयीने बदलण्याचा उपाय अद्याप कोणी शोधलेला नाही.

मेलेल्यांसाठी अश्रू

या देशाला डॉल्फिनविषयी ममता नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशिओ’ हे मोठे मालवाहू जहाज मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्याजवळ प्रवाळभित्तीवर रुतले, पुढे ते फुटले आणि सुमारे एक हजार टन तेल स्वच्छ पाण्यात पसरले. काही दिवसांनी डॉल्फिनच्याच कुळातील कित्येक प्राणी मरून किनाऱ्याला लागले. त्यांच्या मृत्यूशी तेलाचा संबंध किती, याबद्दल वाद झाला. परंतु त्या मृतदेहांच्या दर्शनाने जनतेचा संताप अनावर झाला आणि २९ ऑगस्ट रोजी पोर्ट लुईच्या रस्त्यांवर हजारो नागरिक उतरले. धर्म, वंश आणि भाषा यांच्या भिंती ओलांडून तो देश त्या दिवशी एकत्र आला होता.

त्या संतापाला धनी होता. जहाज परक्यांचे होते, चूक उघड होती आणि मृत्यू सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. रोजच्या सकाळी जे चालते त्याला असा धनी नाही. तेथे शेकडो लहान लहान हितसंबंध आहेत, ते सारे आपलेच आहेत आणि मृत्यू दिसत नाही. लोकमत जागे होते ते अपघाताने. झिजण्याने ते जागे होत नाही, ही केवळ मॉरिशसची नव्हे तर सर्वच लोकशाही देशांची अडचण आहे. आपल्या नद्या आणि टेकड्या कशा गेल्या हे आठवले तर याविषयी दुसऱ्यांना उपदेश करण्याचा आपल्याला अधिकार नाही हेही मान्य करावे लागेल.

मॉरिशसच्या राजचिन्हावर डोडो पक्ष्याचे चित्र आहे. डच खलाशी १५९८ मध्ये त्या बेटावर उतरले आणि पुढे शंभर वर्षांच्या आत तो पक्षी पृथ्वीवरून नाहीसा झाला. परंतु याच बेटाने दुसरा धडाही जगाला घालून दिला आहे. मॉरिशस केस्ट्रेल हा ससाण्याच्या जातीचा पक्षी १९७४ साली रानात अवघे चार उरल्याचे ठाऊक होते. चिकाटीने केलेल्या प्रयत्नांनी त्यांची संख्या पुढे शेकड्यांवर गेली. गमावणे आणि सावरणे, या दोन्हींचा अनुभव ज्या देशाच्या गाठीशी आहे, त्याला सकाळचे काही तास समुद्र मोकळा ठेवणे अशक्य वाटू नये.

आपल्या किनाऱ्यावर

आता आपल्याकडे वळू. भारत सरकारने २०१३ साली डॉल्फिनांना तलावात कोंडून खेळ करविणारी केंद्रे उभारण्यास परवानगी नाकारण्याचा निर्णय घेतला. त्याचे जगात कौतुक झाले आणि ते योग्यच होते. परंतु तलावात कोंडणे गैर आहे हे मान्य केल्यावर समुद्रातच त्याला घेरणे योग्य कसे ठरते, याचा विचार आपण केलेला नाही.

गोवा आणि सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळ दिसतो तो प्रामुख्याने हंपबॅक जातीचा डॉल्फिन. आंतरराष्ट्रीय यादीत त्याची नोंद संकटग्रस्त म्हणून आहे. त्याची राहणी स्पिनरहून भिन्न आहे. तो खोल समुद्रात जात नाही. नद्यांच्या मुखांजवळ, किनाऱ्याला लागून असलेल्या उथळ पाण्यातच त्याचे भक्ष्य आणि त्याचे आयुष्य असते. म्हणून हवाईचा वा इजिप्तचा नियम जसाच्या तसा उचलून येथे लावणे शहाणपणाचे होणार नाही. येथे बोटींमुळे मोडते ती झोपेपेक्षा शिकार आणि जाळ्यांत अडकून मरण्याचा धोका तर आधीपासूनच आहे. कोणत्या मोसमात, कोणत्या मुखाजवळ, किती बोटी असाव्यात, हे त्या त्या ठिकाणच्या निरीक्षणाने ठरवावे लागेल. त्या निरीक्षणात मालवणच्या किंवा सिंकेरीच्या कोळ्यांचे ज्ञान विद्यापीठातील शास्त्रज्ञांच्या ज्ञानाइतकेच उपयोगी पडेल.

कायद्याचा आधार मात्र आपल्यापाशी भक्कम आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत डॉल्फिनचा समावेश असून वाघाइतकेच संरक्षण त्याला मिळालेले आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्या कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या केलेली आहे तीत केवळ ठार मारणे येत नाही. वन्य प्राण्याच्या मागे लागणे, त्याला हाकणे आणि तसा प्रयत्न करणे हेही तीत येते. वाघाच्या मागे दहा जीपगाड्या धावल्या तर वृत्तपत्रांत छायाचित्रे छापून येतात आणि अधिकाऱ्यांना खुलासा करावा लागतो. डॉल्फिनच्या मागे दहा बोटी धावल्या तर त्याचे चलच्चित्र पर्यटनाच्या जाहिरातीत वापरले जाते. कायदा दोघांना एकच आहे, दृष्टी मात्र दोन आहेत.

सरकारला करण्यासारखे पुष्कळ आहे. बोटींना डॉल्फिन-दर्शनाचे स्वतंत्र परवाने द्यावेत, त्यांची संख्या ठरवावी, ते स्थानिक मच्छीमार कुटुंबांनाच मिळतील असे पाहावे आणि दर्शनाची हमी देणाऱ्या जाहिरातींना बंदी करावी. या शेवटच्या गोष्टीला पैसा लागत नाही. हमी गेली की बोटवाल्यावरचे दडपण कमी होईल आणि अंतर राखणाऱ्याला गिऱ्हाईक गमावण्याची भीती उरणार नाही. परवान्यांची संख्या मर्यादित राहिली तर दरही बरा मिळेल. आज दहा फेऱ्यांत जे मिळते ते चार फेऱ्यांत मिळाले तर बोटवाल्याची त्याला हरकत असण्याचे कारण नाही.

परंतु सरकारच्या आधी ज्याच्या हाती हे आहे तो पर्यटक. मॉरिशसला असो वा मालवणला, बोटवाला तेच विकतो जे आपण मागतो. डॉल्फिनसोबत पोहायचे नाही, बोट कळपाच्या पुढे न्यायची नाही, दूर थांबून जेवढे दिसेल तेवढे पाहायचे आणि काहीच दिसले नाही तरी ठरलेले भाडे पुरते द्यायचे, एवढे चार शब्द निघण्यापूर्वी सांगितले तर तो ऐकतो, कारण त्यात त्याचेच इंधन वाचते. जंगलात जाऊन वाघ न पाहता परतणारी माणसे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांपैकी कोणी वनखात्याकडे पैसे परत मागत नाही. समुद्राच्या बाबतीत हे भान अजून यावयाचे आहे. ते येण्यास विलंब झाला तर मॉरिशसच्या त्या उथळ, पांढऱ्या तळाच्या पाण्यावर बोटी रोज सकाळी येतच राहतील आणि जे पाहण्यासाठी त्या येतात ते एखाद्या वर्षी तेथे नसेल.